बाहेरच्या खोलीतली गाडी

आमच्या बाहेरच्या खोलीत गाडी होती, म्हणून घरी आलेल्या पाहुण्याला आम्ही गाडीतच बसवत असू. गाडी म्हणजे तेव्हा नुसती लोखंडी नळ्यांची चौकट, तिच्यात भंगारातून आणलेल्या दोन सीटा आणि कशालाच न जोडलेलं स्टिअरिंग. चाकं नव्हती. चारी कोपऱ्यांखाली विटा रचून ती उभी केली होती. नवखा पाहुणा दारातच अडखळायचा. "बसा की, पडत नाय ती," असं आई म्हणायची, आणि मग तो एका हातात बशी आणि दुसऱ्या हातात स्टिअरिंग धरून कुणाच्या तरी मुलीचं स्थळ कसं चांगलं आहे ते सांगत बसायचा. मी एक पाहिलं आहे. कितीही पोक्त माणूस असू दे, चहा संपेपर्यंत त्यानं ते स्टिअरिंग एकदा तरी हळूच डावी-उजवीकडं फिरवून बघितलेलं असे.

उस्मानपुऱ्यातलं ते भाड्याचं घर म्हणजे एकामागं एक अशा तीन खोल्या. रस्त्याकडं बाहेरची, मग बिनखिडकीची मधली, आणि शेवटी स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी, मोरीचं पाणी भिंतीतल्या एका भोकातून मागच्या अंगणात जाई. अंगणात एक कडुनिंब होता, आणि ते अंगण आमचं आणि शेजारच्या रुकय्याखालाचं मिळून होतं. दोन्ही घरांची मागची भिंत एकच, त्यामुळं आमच्या फोडणीचा ठसका खालाला लागे आणि तिच्या खट्ट्याचा, म्हणजे चिंचेच्या आंबट साराचा, वास आला की आमच्या तोंडाला पाणी सुटे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. सायकलवर जात, सायकलवर येत. पुण्याच्या एका गृहस्थांकडून त्यांनी गाडीचा संच आणवला होता. नळ्या, फायबरच्या बॉडीचे तुकडे आणि जोडणीचे नकाशे. इंजिन ज्याचं त्यानं शोधायचं. अण्णा तिला बग्गी म्हणत. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "अन् घोडं कुठं बांधणार, माझ्या उशाला?" अण्णा हसले, पण रात्री जेवताना त्यांनी चौकटीची उंची आणि दाराची रुंदी दोन्ही मोजून आईला पटवलं, की गाडी पुरी झाल्यावर कुशीवर आडवी केली म्हणजे दारातून निघते. त्या दिवसापासून आमच्या घरात करवतीची करकर सुरू झाली.

जागा एवढी अपुरी, की भिंतीकडच्या बाजूचे नट आवळताना पाना पुरा फिरायचा नाही. तेव्हा अण्णांनी छिन्नी घेतली आणि पाना जिथं जिथं अडत होता तिथं तिथं भिंतीत तो फिरेल एवढी खाच पाडली. भिंतभर तसल्या अर्धगोल खाचा झाल्या होत्या. मी कॉलेजात विज्ञान शाखेला होते, पण माझं खरं शिक्षण त्या चौकटीखाली पाठीवर सरपटत झालं. अण्णा वरून सांगत, मी खालून आवळी. आमच्या दोघांची ती गाडी होती. पाठ सिमेंटनं गार पडायची, डोळ्यांत गंज पडायचा, आणि माझ्या छातीत सारखी धडधड असायची की एक वीट सरकली तर काय.

मी भित्री होते, हे लपवण्यात अर्थ नाही. भीती मी आईच्या दुधातूनच घेतली असावी. आईला गाडीची भीती, पेट्रोलच्या डब्याची भीती. तिनं देव बाहेरच्या खोलीतून उचलून स्वयंपाकघरात नेले, कारण पेट्रोलशेजारी निरांजन लावायचं कसं? संध्याकाळ झाली की दारं लावायची, मागच्या दाराला कडी आणि वर अडसर. उन्हाळ्यात आम्ही आत उकडून निघायचो, पण दार उघडं ठेवून झोपणं हे तिच्या मते मरणाला बोलावणं होतं. याचं कारण तिनं आम्हाला एकदाच सांगितलं. तिचं माहेर पैठणच्या बाजूला गोदाकाठी. रझाकारांच्या काळात, ती फ्रॉकातली पोर असताना, एका दुपारी तिच्या आईनं तिला आणि तान्ह्या भावाला घेऊन भिंतीतल्या बळदात, धान्य साठवतात त्या अंधाऱ्या जागेत, लपवलं होतं. बाहेर दार वाजत राहिलं. कुणी उघडलं नाही. वाजवणारे कोण होते ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते गेले. "दार उघडलं नाय म्हणून आम्ही जगलो," एवढं बोलून आई उठली आणि भाकरी थापायला बसली.

त्या वर्षी घरात वहिनी होती, निर्मलावहिनी. दादाची नोकरी नांदेडकडं, तो महिन्यातून एखादा दिवस यायचा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण वहिनीला आई नव्हती. तिचे वडील तिला आमच्याकडं पोचवायला आले, गाडीत बसून चहा प्यायले आणि उठताना आईला म्हणाले, "विहीणबाई, पोरगी तुमच्या हवाली." आईनं मान हलवली. पण तेव्हापासून तिला धड झोप लागेना. वहिनी पायरी चढली तर भीती, वहिनी शिंकली तर भीती. तिच्यासाठी धपाटे वेगळे, कमी तिखटाचे, तिचं पाणी वेगळं, उकळलेलं. वहिनी मुळात मऊ स्वभावाची, सांगाल ते ऐकणारी. मला कधी कधी वाटे, हिनं एकदा तरी नाही म्हणावं.

आणि अशात सूर्यग्रहण आलं. असलं तसलं नव्हे, मोठं. आज मुलं काळे चष्मे लावून गच्चीवर जातात, तेव्हा सगळं गाव आठ दिवस आधीपासून धास्तावलं होतं. शाळांना सुट्टी, कारखान्याला सुट्टी. कुणी म्हणे बघितलं की डोळे जातात, कुणी म्हणे सावलीसुद्धा अंगावर घेऊ नये. गरोदर बाईनं तर हालचालच करायची नाही. चिरलं तर मुलाचा ओठ फाटतो, मुडपलं तर बोटं चिकटतात, किरण पोटावर पडला तर काय होतं ते बायका कानात सांगत. आईनं ठरवलं, वहिनीला मधल्या खोलीत सरळ झोपवायचं, आपण उशाशी बसायचं आणि घरात उजेडाचा एक कण येऊ द्यायचा नाही.

अण्णांचा ग्रहणावर विश्वास नव्हता, पण त्यांच्या डोक्यात दुसरंच होतं. इंजिन नुकतंच चौकटीवर चढलं होतं, एका मोडीत निघालेल्या मोटारीचं. ते घटकाभर सलग चालवून बघायचं होतं. एरवी सुरू केलं की गल्ली गोळा होई, म्हातारी माणसं कानावर हात ठेवत. ग्रहणाच्या दुपारी सगळे दारं लावून बसणार, कोण येतं तक्रार करायला? आई म्हणाली, "चालवा, पण दार-खिडकी उघडायची नाय." अण्णा म्हणाले, "कबूल." दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं. मला वाटतं, त्यांच्या संसारात इतक्या गोडीनं दुसरा कुठलाच सौदा झाला नसेल.

इंजिनाचा धूर कोंडला तर माणूस मरतो हे अण्णांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून सकाळी आई दळण आणायला गेली असताना आम्ही दोघांनी इंजिनाच्या नळीला जाड रबरी पाइप जोडला, तो भिंतीकडेनं मधल्या खोलीतून, स्वयंपाकघरातून नेला आणि त्याचं तोंड मोरीच्या भोकातून बाहेर अंगणात काढलं. मी बाहेर जाऊन बघून आले, चांगलं वीतभर बाहेर होतं. आमच्या घरात त्या वर्षी पाइप आणि नळ्या सगळीकडंच पडलेल्या असत. आणखी एक पाइप आला तर त्याचं कुणाला काय? आईला सांगायचं आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही.

जेवणं लवकर उरकली. येसराची आमटी आणि भाकरी, आणि उरलेल्या अन्नावर तुळशीपत्र. मग आई कामाला लागली. खिडकीला ओलं गोणपाट, दाराच्या फटीला चिंध्या, मागच्या दाराला गोधडी. शेवटी ती मोरीत गेली असणार, आणि तिथं भोकातून पाइपाशेजारून उन्हाची एक तिरीप फरशीवर पडलेली तिनं पाहिली असणार. तिनं पाइप आत ओढला आणि भोकात जुनं लुगडं घट्ट कोंबलं. हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी मी बाहेरच्या खोलीत अण्णांना पाने काढून देत होते, आणि मधलं दार आईनं वहिनीला आवाज नको म्हणून ओढून घेतलं होतं.

ग्रहण लागलं हे आम्हाला आवाजावरून कळलं, म्हणजे आवाज बंद झाल्यावरून. रस्त्यावर एक सायकल नाही, कुणाचा रेडिओ नाही. दाराच्या फटीतल्या चिंध्यांमधून झिरपणारा उजेड पिवळट होत गेला. निंबावर कावळे जमू लागले तसा त्यांचा कालवा ऐकू आला आणि तोही थांबला. अण्णांनी दोन वायरी जुळवल्या, हँडल मारलं आणि इंजिन सुरू झालं. सगळं घर हादरायला लागलं. स्वयंपाकघरातल्या फळीवरची पितळी भांडी किणकिणायला लागली. अण्णांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी त्यापूर्वी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. ते इंजिनाला कान लावून बसले, मध्येच स्क्रू फिरवत, मध्येच मला खूण करत.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. माझं डोकं दुखू लागलं. आधी कपाळात, मग मानेत. पाय जड झाले. पेट्रोलचा वास वर्षभर नाकात बसलेला, त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, ग्रहण. विज्ञान शाखेची विद्यार्थिनी मी, आणि मला वाटलं की हे ग्रहण अंगात शिरतंय. अण्णांना सांगावं म्हणून बघितलं तर ते विटांना टेकून डोळे मिटून बसले होते. त्यांना बरं वाटतंय असं मी समजले. मी मधलं दार ढकलून आत गेले, आईजवळ बसावं म्हणून.

आत मिट्ट काळोख. आईचा देवाचं नाव घेण्याचा आवाज येत होता, पण जड, शब्द एकमेकांत अडकलेले. मी चाचपत जाऊन बसले. "वहिनी झोपली?" मी विचारलं.

"आत्ताच डोळा लागलाय," आई म्हणाली. "डोकं दुखायलंय, मळमळायलंय म्हणत होती. म्या म्हनलं सोस, थोडा वेळ राह्यलाय. माझंबी लई ठणकायलंय."

मी वहिनीचा हात हातात घेतला. सोडला तर तो तसाच खाली पडला. मी तिच्या खांद्याला धरून हलवलं, नावानं हाक मारली, गालावर चापट मारली. ती नुसती गाठोड्यासारखी हलली. आणि तेवढ्यात मागचं दार वाजलं.

एकदा, दोनदा, मग धडाधड. आईनं माझं मनगट पकडलं. अंधारात तिची नखं माझ्या कातडीत रुतली. "उघडू नको," ती म्हणाली. "गप. आवाज करू नको." तो आवाज माझ्या आईचा नव्हता. तो बळदातल्या त्या पोरीचा होता. मला आज इतक्या वर्षांनी ग्रहणाची भीती वाटत नाही, इंजिनाची वाटत नाही, पण तो आवाज आठवला की अजून मनगट दुखतं.

"ओ मंदा की अम्मा!" बाहेर रुकय्याखाला होती. "दरवाजा खोलो! तुमारे घर का धुवाँ हमारे घर में आ रा!" मग तिनं मराठीत हाका सुरू केल्या. "बाई, मी हाये, मी! उघडा ना! जिती हाव का समदी?"

"आई," मी म्हटलं, "वहिनी उठंना."

माझं मनगट आईनं धरूनच ठेवलं होतं. बाहेर ग्रहण, बाहेर वाजणारं दार, आणि आत दुसऱ्यानं आपल्या हवाली केलेली लेक, पोटात मूल. जन्मभर तिला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, की दार लावलं म्हणजे जीव वाचतो. मग तिची पकड सुटली. ती उठली, भिंतीला धरून धडपडत स्वयंपाकघरात गेली, आणि गोधडी ओरबाडून काढल्याचा, अडसर फरशीवर पडल्याचा आवाज आला.

उजेड आत आला. कसला तरी राखाडी, माणसाच्या चेहऱ्याचा रंग काढून घेणारा. त्या उजेडात सगळ्या घरात निळसर धूर दिसला. आईनं वहिनीला काखेतून धरलं, खालानं पाय धरले, आणि दोघींनी तिला ओढत, उचलत अंगणात निंबाखाली आणून निजवलं. "झाक! पोट झाक तिचं!" आई ओरडली. खालानं डोक्यावरची ओढणी काढून वहिनीवर टाकली. आईला ती पुरेशी वाटली नाही. ती स्वतः दोन हात आणि गुडघे टेकून वहिनीच्या वर छपरासारखी उभी राहिली, तोंड खाली, पाठ आभाळाला. निंबाच्या पानांतून उन्हाचे ठिपके खाली पडत होते आणि प्रत्येक ठिपका चंद्रकोरीच्या आकाराचा होता. शेकडो कोरी आईच्या पाठीवर हलत होत्या. मी तेवढंच पाहिलं आणि आत पळाले.

अण्णा तसेच विटांना टेकलेले होते. मी दोन वायरी ओढून तोडल्या. इंजिन थांबलं. पुढचं दार उघडलं, त्यांना धरून उठवलं तर ते मलाच म्हणाले, "बंद का केलंस? छान चाललं होतं." उंबऱ्यावर वाऱ्यात बसवल्यावर त्यांना समजायला लागलं, आणि समजल्यावर ते रांगतच मागच्या अंगणाकडं निघाले.

वहिनीला ओकारी झाली. मग पुन्हा झाली. खाला तिच्या तोंडावर पाणी मारत होती, ग्रहणात पाण्याला शिवायचं नसतं हे कुणाला आठवलं नाही. वहिनीनं डोळे उघडले. आई अजून तिच्यावर तशीच ओणवी होती. वहिनी सासूला आत्या म्हणायची; तिच्याकडं बघून घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "आत्या, म्या हालले नाय ना? म्या हालले का?" आई तेव्हा रडली.

ग्रहण सुटल्यावर अण्णा मोरीत गेले. मी त्यांच्या मागे होते आणि आई दारात. पाइपाचं तोंड फरशीवर होतं आणि भोकात लुगडं. अण्णांनी लुगडं उपसून काढलं, बघितलं. ते कुणाचं होतं हे तिघांनाही दिसत होतं. त्यांनी ते बादलीत टाकलं आणि पाइप गुंडाळत म्हणाले, "पाइप नीट बसवला नव्हता मी. सरकला." त्यावर आमच्या घरात पुढं कधीही बोलणं झालं नाही.

डॉक्टरीणबाईंनी वहिनीच्या पोटाला नळी लावून ऐकलं. ठोके आहेत, म्हणाल्या. पण आतल्या बाळाला किती वायू लागला, डोक्यावर काही परिणाम झाला का, हे जन्मल्याशिवाय सांगता येणार नाही. दादा आला, सगळं ऐकून घेतलं आणि एक शब्दही न बोलता नांदेडला परत गेला. त्यानं ओरडायला हवं होतं असं आम्हाला सगळ्यांनाच वाटत राहिलं.

मग ते वाट बघणं. वहिनीला सातवा सरत आला होता, म्हणजे फार दिवस नव्हते, पण ते दिवस सरता सरेनात. घरात आता दोन भीती नांदत होत्या. आईला वाटे, ग्रहणाचा उजेड पोटावर पडला, ओढणी पातळ होती, आपली पाठ अपुरी पडली. बाळाचा ओठ, बाळाची बोटं. अण्णांना वाटे, धूर. बाळाला ऐकू येईल का, समजेल का. दोघं एकमेकांना काही सांगत नसत, दोघंही मला सांगत. आई भाकरीचं पीठ मळता मळता थांबायची आणि विचारायची, "ओढणीतून किरण जातो व्हय गं?" अण्णा सायकल लावता लावता विचारायचे, "तुमच्या पुस्तकात या वायूचं काय दिलंय?" मी दोघांनाही नाही म्हणायची आणि रात्री दोघांच्याही वाटणीचं भ्यायची. गाडीला कुणी हात लावला नाही. पाहुणे येत, सीटवर बसत, पण स्टिअरिंग फिरवून बघताना मी कुणाला पाहिलं नाही. वहिनी तेवढी निवांत होती. तिला आम्ही यातलं काहीच सांगितलं नव्हतं, निदान आमची तशी समजूत होती. एकदा तिचं अंग चेपताना ती हळूच म्हणाली, "मंदाताई, रात्री मी त्याला हाताच्या बोटानं टोचून बघते. हालला की मग झोपते."

गाडीचं पुढं काय झालं, असं लोक अजून विचारतात. ती पुरी झाली, कुशीवर आडवी होऊन दारातून निघाली, हर्सूलच्या तलावापर्यंत गेली आणि येताना बैलगाडीला बांधून आली. त्यात विशेष सांगण्यासारखं नाही.

मुलगी झाली. सरकारी दवाखान्याच्या त्या लांबलचक खोलीत आम्ही तिघं खाटेजवळ उभे होतो आणि नर्सनं गुंडाळलेलं बाळ आईपुढं धरलं. आईनं हात पदराखाली घेतले. तिनं डोळे मिटून घेतले आणि मला म्हणाली, "मंदे, तू बघ. ओठ बघ." मी सांगितलं, ओठ नीट आहेत. "बोटं?" बोटं सुटी आहेत, नखं आहेत. "पाय सोडून बघ." पायही बघितले. आईनं तरी डोळे उघडले नाहीत. तिचं समाधान झालं नव्हतं आणि अण्णांची भीती तर डोळ्यांना दिसण्यातली नव्हतीच. बाळ गप्प होतं. फार गप्प. छताकडं बघत होतं की कुठंच बघत नव्हतं, कळेना.

अण्णांनी शेजारच्या स्टुलावरचा जेवणाचा डबा उघडला. मला वाटलं, यांना आत्ता भूक लागली? त्यांनी स्टीलचं झाकण काढलं, हात वर नेला आणि ते फरशीवर आदळलं. सगळा वॉर्ड दचकला. चार खाटांवरची पोरं एकदम रडायला लागली, नर्स "काय वेड-बीड लागलंय का, आजोबा?" म्हणून धावून आली. आणि आमच्या बाळानं दोन्ही हात एकदम फाकवले, सगळं अंग थरथरलं, चेहरा लालबुंद झाला आणि तिनं असा काही टाहो फोडला की वहिनी खाटेवर उठून बसली.

आईनं डोळे उघडले. अण्णा भिंतीला टेकले होते आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते. आई त्यांच्याकडं बघत राहिली, मग बाळाकडं. "भ्याली," ती म्हणाली. मग सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल एवढ्यानं, हसत आणि रडत, "अहो, भ्याली! भ्याली की ओ आपली पोरगी!" आणि तिनं पदराखालचे हात बाहेर काढून पुढं केले.